वायरलेस ईव्ही चार्जिंग आणि सरकारी पैसा : बेळगाव सीमाभागातून येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत हॉटेलवाले, पेट्रोलपंपाचे मालक, कॉलेजमधले प्राध्यापक, उद्यमबागेतले कारखानदार आणि नुसतीच नवी गाडी घेतलेले असे सगळे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वायरलेस चार्जिंग म्हणजे गाडी पॅडवर उभी केली की चार्ज, एवढंच ना? कुठलीही ईव्ही चालेल?

नाही, कुठलीही चालत नाही. जमिनीतल्या पॅडमध्ये एक कॉइल असते आणि गाडीच्या पोटाखाली दुसरी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे आधी डीसी होते, मग इन्व्हर्टर त्याचे साधारण ८५ किलोहर्ट्झचे एसी करतो. त्या चुंबकीय क्षेत्रामुळे वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि तिचे पुन्हा डीसी होऊन ती बॅटरीत जाते. गाडीखाली ही दुसरी कॉइल आणि तिचा कंट्रोलर नसेल तर पॅड म्हणजे नुसती फरशी. इथल्या रस्त्यांवर धावणाऱ्या स्कूटर, रिक्षा, कार प्लगवर चार्ज होतात. त्यामुळे "पॅड बसवला की गिऱ्हाईक येईल" हा हिशोब आज जुळत नाही. ज्याच्या स्वतःच्या ठरावीक गाड्या आहेत, उदाहरणार्थ कारखान्यातल्या मालवाहू गाड्या किंवा एकाच मालकाच्या रिक्षा, त्याच्यासाठी विचार करण्यासारखे आहे.

२. वायरलेस चार्जरला केंद्राची थेट सबसिडी मिळते का?

वायरलेससाठी वेगळे शीर्षक नाही. सार्वजनिक चार्जिंगसाठी आज चालू असलेली मोठी योजना पीएम ई-ड्राइव्ह. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली, एकूण तरतूद १०,९०० कोटी रुपयांची, त्यातले २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांसाठी. मुदत आधी मार्च २०२६ पर्यंत होती, ती ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवली. उद्दिष्ट सुमारे ७२,३०० चार्जरचे आहे : २२,१०० चारचाकींसाठी, १,८०० बससाठी आणि ४८,४०० दुचाकी-तीनचाकींसाठी.

हे सगळे चार्जर गन आणि सॉकेटच्या मानकांवर मोजले जातात : कारसाठी सीसीएस-२, हलक्या गाड्यांसाठी आयएस १७०१७ या भारतीय मानक-मालिकेतले कनेक्टर. पॅड दाखवून चार्जरच्या किमतीवर टक्केवारी मिळेल असे कुठल्या विक्रेत्याने सांगितले, तर त्याच्याकडून ते लेखी घ्या. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

याचा अर्थ सगळी दारे बंद असा मात्र नाही. प्रश्न ४ वाचा, खरा मुद्दा तिथे आहे.

३. ८० टक्के, १०० टक्के असे आकडे ऐकतो. नेमके कोणाला किती?

सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेची चार्जिंगसाठीची कार्यपद्धती निघाली. तिच्यात जागेवरून टक्केवारी ठरते, अर्जदार कोण यावरून नव्हे.

सरकारी आवार, म्हणजे कार्यालये, वसाहती, दवाखाने, शिक्षणसंस्था : वीजव्यवस्थेच्या (प्रश्न ४ मधले 'अपस्ट्रीम') खर्चावर आणि चार्जरच्या खर्चावर, दोन्हींवर १०० टक्के. अट एकच, पण कडक. चार्जर सर्वसामान्यांना खुला हवा. गेटवर वॉचमन "बाहेरच्यांना नाही" म्हणत असेल तर जागा या गटात बसत नाही.

सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातल्या वर्दळीच्या जागा, म्हणजे रेल्वे स्टेशन, विमानतळ, बसस्थानक, नगरपालिकेचे पार्किंग, सरकारी तेल कंपन्यांचे पंप, टोलनाके : वीजव्यवस्थेवर ८० टक्के, चार्जरवर ७० टक्के. आपल्याकडे बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक, सांबऱ्याचा विमानतळ, हत्तरगी आणि कोगनोळीचे टोलनाके अशा प्रकारच्या जागा आहेत.

इतर जागा, म्हणजे मॉल, बाजारसंकुल, रस्त्याकडेच्या जागा : वीजव्यवस्थेवर ८० टक्के, चार्जरवर शून्य. बॅटरी बदलण्याच्या केंद्रांनाही हेच.

या टक्केवाऱ्या तुमच्या बिलावर लागत नाहीत. सरकारने क्षमतेनुसार ठरवलेली मानक किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांपैकी जी रक्कम कमी, तिच्यावर लागतात. वीजव्यवस्थेला दहा लाख लागले आणि मानक किंमत सहा लाख असेल, तर ८० टक्के सहा लाखांचे, म्हणजे ४ लाख ८० हजार. उरलेले ५ लाख २० हजार खिशातून. लोक दहाचे ८० टक्के धरून बँकेत जातात आणि मग मधेच काम थांबते.

४. 'अपस्ट्रीम' म्हणजे काय, आणि त्याचा वायरलेसशी काय संबंध?

विजेच्या खांबापासून चार्जरच्या तोंडापर्यंतचे सगळे : टीसी (ट्रान्सफॉर्मर), एचटी आणि एलटी (उच्च आणि कमी दाबाची) केबल, वितरण पॅनेल, ब्रेकर, संरक्षक उपकरणे, त्यासाठीचे बांधकाम आणि कुंपण. यात वायरने चार्ज करणार की पॅडने, याने काही फरक पडत नाही. ५० किलोवॅट लागणार असतील तर टीसी तोच, केबल तीच. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : आज पैसा पॅडला नाही, पॅडपर्यंतच्या वाटेला आहे. अनुदानात प्लगचे चार्जर बसवा आणि काँक्रीट ओतण्याआधी पॅडची जागा राखून ठेवा.

जागा राखण्याचे काम असे :

पॅनेलपासून पार्किंगच्या मधोमध दोन एचडीपीई पाइप टाका, ११० मिलिमीटर व्यासाचे. एक पॉवरला, एक कंट्रोलच्या वायरीला. दोन्ही एकाच पाइपमधून नेल्या तर सिग्नलमध्ये गोंधळ होतो. पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, तोंडे टोपण लावून बंद करा, नाहीतर पावसाळ्यात गाळ आणि उंदीर दोन्ही शिरतात. पॅनेलमध्ये एक आउटगोइंग (बाहेर जाणारी जोडणी) मोकळे सोडा. पार्किंगच्या मधल्या साधारण एक मीटर बाय एक मीटर चौकोनात लोखंडी सळई किंवा वेल्डमेश घालू नका. लोखंड चुंबकीय क्षेत्रात तापते आणि वीज खाते. तिथे मजबुती हवीच असेल तर काचतंतूची सळई वापरा. आणि तो चौकोन नकाशावर मापांसह लिहून ठेवा. पाच वर्षांनी ठेकेदार दुसरा असतो आणि तो नेमका तिथेच ड्रिल मारतो.

हा पाइप आणि चौकोन यांचा खर्च अनुदानाच्या दाव्यात घालू नका. रक्कम छोटी असते, पण मंजूर नकाशात नसलेली बाब बिलात दिसली की अख्खी फाइल शंकेत अडकते.

५. मी स्वतः पोर्टलवर अर्ज करू शकतो का?

खासगी व्यक्ती किंवा एकट्या हॉटेलमालकाने थेट अर्ज करायची ही योजना नाही. केंद्रीय मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम आणि राज्ये आपापल्या जागांची यादी करून प्रस्ताव पाठवतात. राज्याचे काम नोडल संस्थेमार्फत होते. कर्नाटकात ही भूमिका बेस्कॉमकडे (बंगळूरची वीज कंपनी) आहे, जरी आपल्याला वीज हेस्कॉम (हुबळीची वीज कंपनी) देते. यातच पुष्कळांची गल्लत होते. हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात "सबसिडीचा फॉर्म द्या" म्हटले तर तिथला माणूस हात वर करणारच. त्याच्याकडे कनेक्शनचा फॉर्म आहे, अनुदानाचा नाही.

खासगी माणसाला आत यायची वाट म्हणजे टेंडर. नोडल संस्था किंवा तेल कंपनी चार्जिंग चालवणारा निवडते. तुम्ही तो चालवणारा व्हा, किंवा त्याला जागा द्या. अनुदान दोन हप्त्यांत येते आणि ते अटी पूर्ण झाल्यावर. त्यामुळे सुरुवातीचे भांडवल तुमचेच लागते.

६. हेस्कॉमचं कनेक्शन काढताना काय चुकतं?

सर्वांत जास्त चुकते ती वर्गवारी. कर्नाटकात चार्जिंग स्टेशनसाठी एलटी-६(सी) हा वेगळा दर आहे. अर्जात फक्त "व्यावसायिक" लिहिले की एलटी-३ लागतो आणि दर महिन्याला जास्त बिल येत राहते. वर्गवारी नंतर बदलून मिळते, पण खेटे मारावे लागतात.

अर्जाला जागेचे ई-खाते किंवा उतारा, भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत करार आणि मालकाचे संमतीपत्र, परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा भार-तक्ता आणि नकाशा जोडा. त्याच आवारात जुना आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) असेल आणि त्याची थकबाकी असेल, तर नवा मीटर तिथेच थांबतो. थकबाकी आधीच्या भाडेकरूची आहे ही सबब चालत नाही. आधी ते बिल बघा.

भार लिहिताना चार्जरच्या पाटीवरचा आउटपुट नव्हे, इनपुट धरा. ६० किलोवॅटचा चार्जर आत ओढतो त्यापेक्षा जास्त.

केंद्राच्या १७ सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवी लाइन टाकावी लागत नसेल तर महानगरात ३ दिवस, नगरपालिका हद्दीत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस. टीसी वाढवावा लागला की ही मुदत लागू राहत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जागा घेण्याआधी टीसीवर किती भार शिल्लक आहे ते लाइनमनकडून नव्हे, सब-डिव्हिजनमधून लेखी काढा.

७. विजेचा दर दिवसा कमी असतो म्हणतात, खरं का?

केंद्राच्या त्याच सूचनांत (प्रश्न ६) ३१ मार्च २०२८ पर्यंत चार्जिंग स्टेशनचा मूळ दर एकपदरी, म्हणजे फक्त युनिटवर, ठेवायला आणि सरासरी पुरवठा खर्चाच्या वर न न्यायला सांगितले आहे. त्यात वेळेप्रमाणे सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत त्या खर्चाच्या ०.७ पट आणि उरलेल्या वेळेत १.३ पट असा हिशोब आहे. पण हातात पडणारे बिल कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या आदेशावरून निघते. दरवर्षी तो आदेश वाचा, सूचना वाचून गणित मांडू नका.

८. वायरलेसमध्ये वीज किती वाया जाते?

नीट बसवलेल्या संचात, गाडी बरोबर उभी असेल तर, फार नाही. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने मिळून केलेला देशी चार्जर बघा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या पैशातून तो झाला आणि २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उद्योगाला दिले गेले. क्षमता १.५ किलोवॅट, घरातल्या २३० व्होल्टवर चालतो, दोन कॉइलमध्ये १२.५ सेंटिमीटर अंतर, कार्यक्षमता ८९.४ टक्के. ४८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला सुमारे तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत नेतो. आकड्यांवरूनच दिसते की हे रिक्षा आणि दुचाकीच्या मापाचे काम आहे.

गणित करू. बॅटरीत ३० युनिट घालायचे आहेत. ९० टक्क्यांनी मीटरवर ३३.३ युनिट पडतात. प्लगचा चार्जर ९४ टक्क्यांचा धरला तर ३१.९. फरक दर चार्जला दीड युनिटाच्या आत. हा तोटा सहन होण्यासारखा आहे. न परवडणारी गोष्ट आहे ती पॅड आणि गाडीवरच्या कॉइलची किंमत.

९. गाडी थोडी तिरकी लागली तर?

मोटारींसाठीचे जे मानक जगभर वापरतात, एसएई जे२९५४, त्यात पुढे-मागे ७५ मिलिमीटर आणि डावी-उजवीकडे १०० मिलिमीटर एवढी चूक चालते. क्षमतेचे वर्ग ३.७, ७.७ आणि ११.१ केव्हीए. गाडीच्या उंचीप्रमाणे कॉइलमधले अंतर १०० ते २५० मिलिमीटरपर्यंत, तीन गटांत. गाडीचा गट आणि पॅडचा गट जुळत नसेल तर चार्जिंग चालू होईल, पण कमी जोमाने, किंवा होणारच नाही.

सोपा उपाय : चाक अडवायला रबरी ठोकळा आणि बाजूला रंगाचा पट्टा. ठोकळ्याला लोखंडी पट्टी नको. सामानाने भरलेली गाडी खाली बसते आणि अंतर बदलते, म्हणून चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाड्यांवर घ्या.

१०. आमच्याकडे चार महिने पाऊस. पॅड पाण्यात राहिला तर शॉक बसेल का?

पाण्याने चुंबकीय क्षेत्र अडत नाही, आणि पॅड बंदिस्त असेल तर पाण्यातून वीज बाहेर येत नाही. धोका दुसरीकडे आहे. गाळाबरोबर खिळे, नाणी, डब्याची झाकणे येतात. गुटख्याच्या पुडीचा चंदेरी कागदसुद्धा पुरतो. चालू पॅडवर धातू पडला की तापतो, प्लास्टिक वितळते. म्हणून परकी वस्तू ओळखणारी यंत्रणा नसलेला पॅड घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. गाडीखाली सावलीला मांजर किंवा कुत्रे बसते, त्यासाठीची ओळखयंत्रणा वेगळी असते. दोन्ही आहेत का ते विचारा.

पॅडभोवती उतार द्या, पाणी साचू देऊ नका. केबलची जोडणी पॅडखाली करू नका, बाजूच्या उंच पेटीत करा. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लागतोच. ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आणि वेगळे अर्थिंग हवे. लाल मातीत अर्थिंग उन्हाळ्यात वाळते, एप्रिलमध्ये रीडिंग घ्या.

माणसांसाठी चुंबकीय क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा २७ मायक्रोटेस्ला आहे. छातीत पेसमेकर असलेल्यांसाठी पॅड चालू असताना जवळ वाकून बघू नये असा फलक लावा.

११. घरच्या अंगणात पॅड बसवला तर सबसिडी?

नाही. वरची योजना सार्वजनिक चार्जिंगची आहे. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला मात्र परवाना लागत नाही. मंजूर भार पुरेसा आहे का ते बघा. भार अडीच किलोवॅट मंजूर असेल आणि गिझर, पंप, चार्जर एकदम चालू झाले, तर सर्व्हिस वायर आधी जाते.

१२. जीएसटी किती धरायचा?

चार्जरवर ५ टक्के, १ ऑगस्ट २०१९ पासून, आधी १८ होता. बिलावर "विद्युत वाहनाचा चार्जर" असे एक युनिट म्हणून लिहून घ्या. वायरलेसचे विक्रेते कॉइल, इन्व्हर्टर, केबल सुटे दाखवतात, मग सुट्या भागांवर वेगळे दर लागतात. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, तिच्यावर १८ टक्के. चामुंडेश्वरी वीज कंपनीच्या प्रकरणात कर्नाटकच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये हेच सांगितले.

१३. आमची जमीन कोगनोळीजवळ, गाडी एमएच पासिंगची, नातेवाईक कागलात. कुठल्या राज्यात अर्ज?

गाडीचे पासिंग आणि तुमचे घर यांचा संबंध नाही. जमिनीचा उतारा कुठल्या राज्याचा, ते बघा. कर्नाटकचा उतारा असेल तर बेस्कॉम आणि हेस्कॉम. सातबारा असेल, म्हणजे कागल किंवा चंदगड तालुका, तर महाराष्ट्र आणि महावितरण. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचे उद्दिष्ट आहे. केंद्राच्या सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरला. दोन्ही राज्यांत जमीन असणाऱ्यांनी दोन अर्ज वेगळे ठेवावेत. एकाच टीसीवरून सीमेपलीकडे केबल ओढायची कल्पना सोडून द्या, दोन वीज कंपन्यांची हद्द तिथे संपते.

सार्वजनिक चार्जरवर केए आणि एमएच असा भेद करता येत नाही.

१४. पुणे-बंगळूर हायवेला हॉटेल आहे. आणखी कुठली परवानगी?

शेतजमीन असेल तर आधी एनए. हायवेवरून थेट आत-बाहेर वाट हवी असेल तर महामार्ग प्राधिकरणाची प्रवेश-परवानगी. ही नसताना टीसी उभा केला आणि नंतर सर्व्हिस रोड रुंद झाला, की टीसी हलवायचा खर्च तुमचा. अनुदानाच्या दृष्टीने ही 'इतर जागा', प्रश्न ३.

१५. चालत्या गाडीला चार्ज करणारा रस्ता एनएच-४८ वर होईल का?

परदेशात सरकारी पैशातून छोटे तुकडे झाले आहेत. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ मध्ये बसमार्ग, स्वीडनच्या गॉटलंड बेटावर दीड किलोमीटरच्या आसपासचा पट्टा, अमेरिकेत डेट्रॉइटला नोव्हेंबर २०२३ मध्ये पाव मैल. पाव मैल म्हणजे ४०० मीटर. इथे तर डांबराचा थर दर काही वर्षांनी खरवडून नवा घालतात आणि त्या थरातच कॉइल असतात. उसाच्या ट्रॉल्या त्यावरून जाणार. अशा रस्त्याची वाट बघत चार्जर लांबवू नका.

१६. मग वायरलेसवर सरकारी पैसा मिळतो तरी कुठे?

संशोधनात. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे महा-ईव्ही अभियान तीन विषयांना पैसे देते : बॅटरी, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स व मोटर, आणि चार्जिंगची व्यवस्था. अर्ज एकट्याने नव्हे, संस्था आणि उद्योग मिळून करायचा. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि उद्यमबागेत ओतकाम, मशीनिंग करणारे शेकडो हात आहेत. पॅडचे कवच, थंड ठेवण्याचे ॲल्युमिनियमचे भाग, चाकाचे ठोकळे हे काम इथे होऊ शकते. पुरवठादाराला या अभियानातून थेट पैसे मिळत नाहीत, तो कुठल्यातरी गटाचा भागीदार लागतो. कॉइलला लागणाऱ्या फेराइटच्या पट्ट्या आणि लिट्झ वायर (बारीक तारांची वेणी) बाहेरून आणावी लागेल.

१७. अर्ज, तक्रार मराठीत दिली तर चालते का?

तक्रार किंवा निवेदन चालते. राज्यघटनेचे कलम ३५० म्हणते की गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येते. कनेक्शनचे फॉर्म, टेंडर आणि पोर्टल मात्र कन्नड-इंग्रजीतच भरावे लागतात. नावाचे स्पेलिंग आधार, ई-खाते आणि बँक पासबुक या तिन्हींत एकच असू द्या. मराठी आडनावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात, आणि अनुदानाचा हप्ता तेवढ्यावर अडतो.

१८. अनुदानातला प्लग-चार्जर काढून तिथेच पॅड बसवला तर?

मंजुरीपत्रातली मुदत संपेपर्यंत नको. अनुदानातली वस्तू हलवली, विकली किंवा बंद ठेवली तर वसुली होऊ शकते, आणि दुसरा हप्ता प्रत्यक्ष कामगिरीशी जोडलेला आहे. पॅड शेजारच्या खणात बसवा, प्रश्न ४ मधल्या मोकळ्या आउटगोइंगवरून, स्वतःच्या पैशाने, आणि त्याला वेगळा सब-मीटर लावा. दोन्हींची वीज एकाच नोंदीत मिसळली तर चार्जरने किती युनिट विकले हे सिद्ध करता येत नाही. भार वाढत असेल तर पॅड चालू करण्याआधी हेस्कॉमकडून वाढीव भार मंजूर करून घ्या, दंड त्यापेक्षा महाग पडतो.